छायाचित्र संपादित करताना प्रामाणिकपणाची सीमा कशी ओळखावी

छायाचित्रावर संगणकात केलेले संस्कार ही फसवणूक की कला, हा वाद छायाचित्रकारांमध्ये वारंवार होतो आणि बहुतेक वेळा अर्धवट राहतो, कारण दोन्ही बाजू साधनाविषयी भांडत असतात. एका बाजूला फोटोशॉपचे नाव काढले तरी संशय येतो, तर दुसऱ्या बाजूला ‘सगळेच करतात’ एवढे कारण पुरेसे वाटते. माझ्या मते प्रामाणिकपणा साधनात नसतो. छायाचित्र दाखवताना आपण पाहणाऱ्याला जो शब्द देतो, तो पाळला जातो की मोडतो, यावर तो ठरतो. हा शब्द आधी कसा निश्चित करावा आणि संपादनाच्या प्रत्येक पायरीवर तो कसा तपासावा, याची रीत या लेखात मांडली आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘जसे टिपले तसेच’ असे छायाचित्र तांत्रिकदृष्ट्या जवळजवळ अस्तित्वातच नसते. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलपुढे लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा फिल्टर असतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून गणिताने भरले जातात. म्हणजे रंगीत छायाचित्रातील दोन तृतीयांश रंगमाहिती मुळातच अनुमानाची असते. त्यानंतर कॅमेरा स्वतःच्या पसंतीने कॉन्ट्रास्ट, रंगांची गडदता आणि रेखीवपणा ठरवतो आणि चौदा बिटच्या रॉ फाइलमधील (सेन्सरची कच्ची माहिती साठवणाऱ्या फाइलमधील) प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पातळ्या जेपीईजीच्या २५६ पातळ्यांत बसवतो. मोबाइल फोन तर एका दाबात अनेक फ्रेम घेऊन त्यांचे एकच चित्र तयार करतो. त्यामुळे कॅमेऱ्यातून आलेली जेपीईजी फाइल जशीच्या तशी देणाऱ्यानेही संपादन स्वीकारलेलेच असते. फक्त ते निर्णय त्याच्याऐवजी कॅमेरा बनवणाऱ्यांनी घेतलेले असतात.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एकही पिक्सेल न बदलता धडधडीत खोटे बोलता येते. अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, अलेक्झांडर गार्डनर यांनी गेटिसबर्गच्या रणभूमीवर दगडी आडोशामागे पडलेल्या एका मृत सैनिकाचे छायाचित्र घेतले. तो मृतदेह दुसऱ्या जागेवरून तिथे आणला होता आणि रायफलही मुद्दाम उभी करून ठेवली होती, हे इतिहासकारांनी पुढे त्याच मृतदेहाच्या इतर छायाचित्रांवरून दाखवून दिले. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०१० मध्ये तो काढून घेण्यात आला, कारण तो प्राणी बहुधा माणसाळलेला होता, असा परीक्षकांचा निष्कर्ष झाला. या दोन्ही ठिकाणी दोष संपादनाचा नव्हता. पाहणाऱ्याला जे सांगितले गेले ते खरे नव्हते.

फोटोओळ आधी लिहा

यातून निघणारी माझी मुख्य सूचना साधी आहे आणि ती मी आग्रहाने मांडतो. संपादनासाठी फाइल उघडण्यापूर्वी त्या छायाचित्राची फोटोओळ लिहून काढा. छायाचित्राबरोबर ती प्रसिद्ध होणार नसली, तरी लिहा. हे काय आहे, कुठे व केव्हा टिपले आणि पाहणाऱ्याने ते काय म्हणून पाहावे, एवढे एकदोन वाक्यांत आले पाहिजे. नंतर प्रत्येक बदल करताना एकच प्रश्न विचारायचा: या बदलानंतर ही ओळ खरी राहते का? राहत नसेल, तर दोनच मार्ग उरतात. बदल मागे घ्यावा किंवा ओळ बदलावी. तिसरा मार्ग, म्हणजे बदलही ठेवायचा आणि ओळही तशीच ठेवायची, यालाच फसवणूक म्हणतात.

एक उदाहरण जवळून पाहू. संध्याकाळच्या समुद्रकिनाऱ्याचे छायाचित्र आहे. ओल्या वाळूत आकाशाचे प्रतिबिंब पडले आहे आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यात एक निळी प्लास्टिकची पिशवी अर्धवट रुतली आहे. हीलिंग ब्रशने, म्हणजे आजूबाजूच्या भागावरून जागा भरून काढणाऱ्या साधनाने, ती पाच सेकंदांत नाहीशी होते. फोटोओळ ‘संध्याकाळचा प्रकाश आणि ओली वाळू’ अशी असेल आणि छायाचित्र भिंतीवर लावण्यासाठी असेल, तर पिशवी पुसण्यात मला काहीही गैर वाटत नाही, कारण त्या ओळीने किनाऱ्याच्या स्वच्छतेविषयी कोणताही शब्द दिलेला नाही. तेच छायाचित्र पर्यटकांना बोलावणाऱ्या जाहिरातीत ‘आमचा स्वच्छ किनारा’ या ओळीसह जाणार असेल, तर पिशवी पुसणे म्हणजे ग्राहकाला खोटी माहिती देणे होय. आणि ते किनाऱ्याच्या आजच्या स्थितीविषयीच्या बातमीत छापले जाणार असेल, तर ती पिशवी हाच त्या छायाचित्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ब्रश तोच आणि पिक्सेलही तेच असताना उत्तरे मात्र तीन येतात. म्हणून ‘वस्तू पुसणे योग्य की अयोग्य’ या प्रश्नाला ओळीविना उत्तर नाही.

ओळ लिहिताना छायाचित्र कुठे पोहोचणार आहे, याचाही विचार करावा. १० मार्च २०२४ रोजी वेल्सच्या राजकुमारी केट आणि त्यांच्या मुलांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि त्याच दिवशी असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स, एएफपी आणि गेटी या वृत्त व छायाचित्रसंस्थांनी ते मागे घेतले, कारण मुलीच्या बाहीजवळ आणि इतरत्र जोडकामाच्या खुणा दिसत होत्या. आपण हौशी छायाचित्रकारांप्रमाणे संपादनाचे प्रयोग करतो, असे राजकुमारींनी दुसऱ्या दिवशी सांगितले. घरातल्या अल्बममध्ये अशा जुळवाजुळवीला कोणी हरकत घेतली नसती. वृत्तसंस्थांकडे जाताच मात्र ते नोंद म्हणून, म्हणजे जे घडले त्याचा पुरावा म्हणून, पाहिले गेले आणि नोंदीचे नियम त्याला लागू झाले.

प्रकाश आणि रंग

एक्स्पोजर (प्रकाशाचे प्रमाण), व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या छटेनुसार रंगांचा समतोल), कॉन्ट्रास्ट आणि रंगांची गडदता हे बदल बहुतेक फोटोओळींना धक्का लावत नाहीत. डार्करूममध्ये प्रिंटचा एखादा भाग हाताने प्रकाश अडवून उजळ ठेवणे किंवा जास्त प्रकाश देऊन गडद करणे, म्हणजे डॉजिंग आणि बर्निंग, हे छायाचित्रणाचे जुने आणि मान्य अंग आहे. ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला आणि पुढची कित्येक वर्षे त्याच निगेटिव्हवरून ते प्रिंट काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढग दिसतात, तर नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळे आहे. त्यांनी हे कधी लपवले नाही आणि त्यात लपवण्यासारखे काही नव्हतेही.

तरीही केवळ प्रकाश कमी-जास्त करूनही अन्याय होऊ शकतो. २७ जून १९९४ च्या अंकावर ‘टाइम’ साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेले माजी अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र छापले, पण ते बरेच गडद करून. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तेच छायाचित्र बदल न करता मुखपृष्ठावर घेतले होते, त्यामुळे दुकानात दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक कोणालाही दिसत होता. ज्याचा खटला अजून उभा राहायचा होता अशा कृष्णवर्णीय माणसाचा चेहरा अधिक काळा आणि अधिक भीतिदायक करणे हा रंगसंगतीचा प्रश्न नव्हता, आणि त्यावर संताप उसळला तो योग्यच होता. म्हणून माणसांच्या त्वचेचा रंग, जखमा, धूर, आग, पाण्याचा गढूळपणा आणि गर्दीची दाटी यांवर परिणाम करणारा प्रत्येक स्लायडर नोंदीच्या छायाचित्रात विशेष जपून हलवावा. उपयोगी सवय अशी की स्लायडर हवा तिथे आणल्यावर तो निम्म्यापर्यंत मागे घ्यावा, मूळ चित्र व बदललेले चित्र आलटून पालटून पाहावे आणि अंतिम निर्णय थोड्या वेळाने ताज्या डोळ्यांनी करावा. सतत पाहत राहिल्याने डोळ्यांना अतिरेकाची सवय होते.

क्रॉपविषयी, म्हणजे चित्राच्या कडा कापण्याविषयी, थोडक्यात सांगता येईल. कॅमेरा उचलताना आपण जगाचा एक तुकडा निवडतोच. क्रॉप ही त्याच निवडीची पुढची पायरी आहे. पण जे कापले त्यामुळे उरलेल्याचा अर्थ उलटत असेल, तर ते पुन्हा आत घ्यावे.

काढणे आणि घालणे

इथे सीमा सर्वांत स्पष्ट आहे. नोंद म्हणून दाखवायच्या छायाचित्रात सेन्सरवरील धूळ किंवा स्कॅनवरील ओरखडा सोडून काहीही पुसू नये आणि काहीही घालू नये. असोसिएटेड प्रेसच्या नियमांत फ्लॅशमुळे लाल झालेले डोळे दुरुस्त करण्यालाही परवानगी नाही. हे टोकाचे वाटेल, परंतु या कडकपणामागे अनुभव आहे. २००३ मध्ये बसराजवळ ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी काही क्षणांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे जोडून एक अधिक नाट्यपूर्ण छायाचित्र तयार केले. पार्श्वभूमीतील काही माणसे त्यात दोनदा दिसत होती, आणि वॉल्स्की यांची नोकरी गेली. २००६ मध्ये बैरूतवरील धूर क्लोन टूलने (चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनाने) वाढवल्याचे उघड झाल्यावर रॉयटर्सने छायाचित्रकार अदनान हज यांची सर्व, म्हणजे ९२० छायाचित्रे विक्रीतून काढून घेतली.

छायाचित्रकार नार्सिसो कोन्त्रेरास यांचे प्रकरण मला याहून अधिक विचार करण्यासारखे वाटते. सीरियातील एका लढवय्याच्या छायाचित्रात कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पडलेला दिसत होता. तो त्यांनी पुसला. बातमीचा अर्थ त्याने बदलत नव्हता. ते पुलित्झर पुरस्कार मिळवणाऱ्या चमूतील होते, आणि असोसिएटेड प्रेसने तपासलेल्या त्यांच्या इतर शेकडो छायाचित्रांत फेरफार आढळला नाही. तरीही जानेवारी २०१४ मध्ये संस्थेने त्यांच्याशी संबंध तोडले. हा निर्णय कठोर होता, पण मला तो पटतो. वाचकाला प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळून पाहता येत नाही. ‘किरकोळ’ काय आणि ‘महत्त्वाचे’ काय हे छायाचित्रकाराने एकट्याने ठरवायचे म्हटले, तर वाचकाजवळ विश्वास ठेवायला काहीच आधार उरत नाही.

क्रॉप आणि पुसणे यांतील फरक किती खोल आहे, हे २०१० च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत दिसले. स्तेपान रुदिक यांनी आपल्या छायाचित्राचा मोठा भाग कापला होता, ते कृष्णधवल केले होते आणि कडा बऱ्याच गडद केल्या होत्या. छायाचित्र अपात्र ठरले ते यांपैकी कशामुळेही नव्हे, तर मागे दिसणाऱ्या एका पायाचा छोटासा भाग पुसल्यामुळे.

विज्ञानातील छायाचित्रांना हाच नियम आणखी काटेकोरपणे लागू होतो. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जीववैद्यकातील २०,६२१ शोधनिबंध तपासले तेव्हा ३.८ टक्के निबंधांत प्रतिमांची संशयास्पद पुनरावृत्ती आढळली. प्रयोगाच्या प्रतिमेत चमक वाढवायची असेल तर ती संपूर्ण प्रतिमेत सारखी वाढवावी. एकच पट्टी किंवा एकच पेशी उठून दिसावी म्हणून तेवढाच भाग कधीही हाताळू नये.

चेहरे

व्यक्तिचित्रांत सर्वाधिक चुका होतात, कारण तिथे हेतू चांगला असतो. माझी कसोटी अशी: दोन आठवड्यांनी जे चेहऱ्यावर नसेल ते पुसावे आणि जे त्या माणसाचे आहे ते राहू द्यावे. पुटकुळी, ओठांवरचे फुटलेले कातडे, चष्म्याचा नाकावरचा वळ हे तात्पुरते आहे. तीळ, व्रण, सुरकुत्या, दातांतील फट हे त्या व्यक्तीचे आहे आणि तिने स्वतः सांगितल्याशिवाय त्याला हात लावू नये. काम करताना चित्र शंभर टक्के आकारात पाहावे. त्वचेची रंध्रे आणि गालावरची बारीक लव दिसेनाशी झाली की आपण दुरुस्तीची मर्यादा ओलांडून दुसराच चेहरा बनवू लागलो आहोत, असे समजावे. डोळ्यांखालील काळेपणा पूर्ण काढू नये. दुरुस्तीच्या लेयरची (थराची) ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, चाळीस-पन्नास टक्क्यांवर आणली की माणूस विश्रांती घेतलेला दिसतो आणि ओळखीचाही राहतो.

शरीराचा आकार बदलणे याहून गंभीर आहे, विशेषतः ती प्रतिमा काही विकण्यासाठी वापरली जात असेल तेव्हा. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड केलेल्या व्यावसायिक छायाचित्रावर ते संपादित असल्याची सूचना छापणे बंधनकारक आहे आणि ती न छापल्यास ३७,५०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. नॉर्वेने जुलै २०२२ पासून असाच नियम समाजमाध्यमांवरील जाहिरातींनाही लागू केला. मला हे कायदे योग्य वाटतात, कारण त्या चित्राशी स्वतःची तुलना करणाऱ्या मुलामुलींना ते शरीर कोणाचेच नाही हे समजण्याचा दुसरा मार्ग नसतो.

कला म्हणून काम करताना

आता दुसऱ्या टोकाकडे वळू, आणि तिथे संकोच बाळगण्याचे कारण नाही. १८५० च्या दशकातील काचेच्या निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत, त्यामुळे समुद्र नीट यावा इतका प्रकाश दिला की आकाश पांढरेफटक होई. गुस्ताव ल ग्रे यांनी आकाश आणि समुद्र वेगवेगळ्या निगेटिव्हवर टिपून एका प्रिंटवर जोडले. ऑस्कर रेयलांदर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य रूपकचित्र तयार केले. आंद्रेआस गुर्स्की यांनी १९९९ च्या ऱ्हाईन नदीच्या चित्रातून काठावरील इमारत आणि माणसे संगणकात काढून टाकली. त्यांनी हे उघड सांगितले होते, आणि २०११ मध्ये ते चित्र ४३ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. या माणसांनी कोणाला फसवले नाही. त्यांनी छायाचित्राला चित्रकाराचा कॅनव्हास मानले आणि ते तसेच पाहिले जावे अशी व्यवस्था केली.

म्हणून कलाकृती करताना मोकळेपणाने जोडावे, पुसावे, रंगवावे. मात्र ती प्रसंगाची नोंद वाटेल अशा जागी आणि अशा ओळीखाली ठेवू नये. अडचण येते ती दोन्हींच्या मधोमध उभ्या असलेल्या छायाचित्रकारांची. स्टीव्ह मॅककरी यांच्या काही छायाचित्रांतून माणसे व वस्तू काढल्याचे २०१६ मध्ये उघड झाले तेव्हा त्यांनी स्वतःला दृश्यकथाकार म्हटले. ही भूमिका घेण्याचा अधिकार कोणालाही आहे, परंतु ज्याची ओळख अनेक दशके वार्तांकनातून घडली आहे, त्याने ती भूमिका आधी जाहीर करायला हवी होती असे मला वाटते.

बदल सांगितला की चित्राचे मोल कमी होते, ही भीती निराधार आहे. हबल दुर्बिणीच्या १९९५ मधील ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ या अवकाशातील वायू-धुळीच्या स्तंभांच्या प्रतिमेत गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. ही पद्धत शास्त्रज्ञांनी जाहीर केलेली आहे, आणि प्रतिमेचे आकर्षण त्यामुळे तसूभरही कमी झालेले नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांसाठी वेगळे तत्त्व लागत नाही, पण अधिक सावधपणा लागतो. ‘नॉइज’ (चित्रातील दाणेदारपणा) कमी करणारे किंवा चित्र मोठे करणारे साधन तपशील स्पष्ट करते असे वाटते; प्रत्यक्षात ते संभाव्य तपशील नव्याने रचते. दूरच्या पाटीवरील अक्षरे, गाडीचा क्रमांक किंवा गर्दीतील चेहरा अशा साधनाने ‘स्पष्ट’ केला असेल, तर तो पुरावा म्हणून कधीही वापरू नये. जुन्या कौटुंबिक छायाचित्रांना रंग देतानाही हे लक्षात ठेवावे: आजीच्या साडीचा तो रंग यंत्राचा अंदाज आहे, म्हणून मूळ कृष्णधवल प्रत जपून तिच्याबरोबरच ठेवावी. पूर्णपणे यंत्राने घडवलेली प्रतिमा छायाचित्र म्हणून देऊच नये. बोरिस एल्डाग्सेन यांनी एप्रिल २०२३ मध्ये आपल्या यंत्राने घडवलेल्या प्रतिमेला मिळालेला सोनी वर्ल्ड फोटोग्राफी स्पर्धेतील पुरस्कार नाकारताना, अशा प्रतिमा आणि छायाचित्रे एकाच स्पर्धेत नसावीत, हेच ठासून सांगितले.

मूळ प्रत आणि खुलासा

शक्य असेल तेव्हा रॉ फाइलमध्ये टिपावे. रॉ फाइलवरील संपादन सूचनांच्या स्वरूपात वेगळे साठवले जाते आणि मूळ माहितीला हात लागत नाही. ही फाइल मूळ नावासह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि तिची प्रत दुसऱ्या डिस्कवरही असावी. अनेक स्पर्धा शेवटच्या फेरीत ती मागतात. तारीख, कॅमेरा आणि लेन्स यांची फाइलमधील माहिती निर्यात करताना विनाकारण पुसू नये. काही नवे कॅमेरे छायाचित्र टिपतानाच त्याला उगमाची डिजिटल स्वाक्षरी जोडतात; २०२३ मध्ये आलेला लायका एम११-पी हा त्यातला पहिला. ही सोय असेल तर ती चालू ठेवावी.

खुलासा छोटा आणि नेमका असावा. ‘डिजिटल संस्कार केले आहेत’ या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘उजवीकडील विजेची तार संगणकात पुसली आहे’, ‘दोन छायाचित्रांचे संयोजन, आकाश त्याच जागी दुसऱ्या दिवशी टिपलेले’ किंवा ‘रंग अनुमानाने दिलेले आहेत’ असे लिहावे. खुलासा चित्राला लागूनच असावा, कारण चित्र पुढे पाठवले जाते तेव्हा दूरवरचा मजकूर मागे राहतो. प्रसिद्ध केल्यानंतर एखादा न सांगितलेला बदल लक्षात आला, तर छायाचित्र गुपचूप बदलू नये. कोणता बदल राहून गेला होता हे लिहून नवी प्रत लावावी आणि जुनी प्रत ज्यांना पाठवली होती त्यांना नवी प्रत व दुरुस्त फोटोओळ अशी दोन्ही पाठवावीत.